फैलका बेटावरची वीतभर सावली

जायचं ठरलं गुरुवारी संध्याकाळी, आणि शनिवारी सकाळी आम्ही बोटीत होतो. मला ओळखणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. मला वाट बघता येत नाही. दूध तापेपर्यंत मी ओटा पुसते आणि लिफ्ट येईपर्यंत अर्धा जिना चढून जाते. पंधरा वर्षांच्या माझ्या लेकीचं, ईराचं, याच्या अगदी उलट. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ती फेब्रुवारीपासून दर शुक्रवारी-शनिवारी बनेद अल-गारच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक मीटरभर पाइप उभा करून त्याची दुपारची सावली मोजत होती. वहीत तारीख, वेळ, सेंटीमीटर. मला बघूनच कंटाळा यायचा.

प्रकल्प अ‍ॅनॅक्सिमँडर नावाच्या ग्रीक माणसावर होता. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा गृहस्थ. जमिनीत काठी रोवून तिच्या सावलीवरून दिवसाचा मध्य, ऋतू आणि वर्ष ओळखायचा. काठीची युक्ती ग्रीकांनी बाबिलोनकडून घेतली म्हणतात, म्हणजे कुवेतहून गाडीनं सरळ वर इराकात गेलं की तिथून. हे ऐकल्यावर मला वाटलं, प्रकल्पाला एखादा झकास शेवट हवा. आणि तो माझ्याकडे तयार होता.

माझं बालपण रत्नागिरीचं. मे महिन्यात तिथे एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस. अंगणात तांब्या ठेवून मी तो डोळ्यांनी पाहिलाय. रत्नागिरीत तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात, मुंबईत त्यानंतर आठवड्याभरानं. म्हणजे जसजसं उत्तरेला जावं तसतसा उशिरा. कुवेत आणखी उत्तरेला, म्हणजे इथे आणखी काही दिवसांनी. इतकं सोपं गणित. ईराला सांगितलं आणि तिच्या होकाराची वाट न बघता मिरकाबला माझ्या ऑफिसखालच्या दुकानातून प्रदर्शनाचा बोर्डही छापून आणला. त्यावर सगळ्यात खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष: आज कुवेतमध्ये सावली शून्य झाली.

ईरानं वही उघडून दाखवली होती. फेब्रुवारीच्या मध्यावर नव्वद सेंटीमीटर, एप्रिलच्या मध्यावर छत्तीस, मागच्या आठवड्यात एकोणीस. "आई, इट्स स्लोइंग डाउन," ती म्हणाली. "हल्ली आठवड्याला तीन सेंटीमीटर पण कमी होत नाही. शून्य कशी होणार?" मी म्हटलं, मी पाहिलंय ना. ती गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असं मी आजवर धरून चाललेय.

प्रदर्शन रविवारी. शनिवारी फोटो काढायचा. आणि ग्रीकांचा प्रकल्प म्हटल्यावर फोटो गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांसमोर कशाला, कुवेतच्या किनाऱ्यासमोर फैलका नावाचं बेट आहे, तिथे खरोखरच्या ग्रीक वस्तीचे अवशेष आहेत, तिथेच काढू, ही कल्पना माझी. ईरानं सांगून पाहिलं की ते ग्रीक अ‍ॅनॅक्सिमँडरच्या दोन-अडीचशे वर्षांनंतर आले. मी म्हटलं, ग्रीक ते ग्रीक.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. बोटी सालमियाच्या बाजूनं सुटतात. वेळा आणि तिकिटाचे दर मोसमाप्रमाणे बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून विचारा. सिव्हिल आयडी, म्हणजे इथल्या भाषेत बताका, सगळ्यांचा बरोबर ठेवा. मे महिन्यात जाऊच नका, पण गेलात तर माणशी तीन बाटल्या पाणी, टोपी आणि जाड तळाचे बूट. बेटावर खायला मिळेलच याची खात्री धरू नका. आम्ही पहाटे बेकरीतून गरम खबूस, म्हणजे इथल्या रोट्या, घेतले, त्यांना लसणीची चटणी फासून गुंडाळ्या केल्या. त्या उन्हात तेवढंच घशाखाली उतरलं. माझा नवरा अम्गऱ्यात बांधकाम साहित्याच्या यार्डात सुपरवायझर आहे, त्याला शनिवारची सुट्टी नाही. त्यानं पाइप उभा करायला लोखंडी बैठक दिली, आणि ईराच्या हातात गवंड्यांचा ओळंबा ठेवला, दोरीला टांगलेलं पितळी वजन. मी म्हटलं, हे ओझं कशाला. तो म्हणाला, असू दे.

बोटीला तासभर लागतो. तो तास मी तीनदा वर आणि तीनदा खाली जाऊन घालवला. ईरा खिडकीशी वही घेऊन बसली होती. एकदाची तिच्याशेजारी टेकले तेव्हा तिनं मला अ‍ॅनॅक्सिमँडरची गोष्ट सांगितली. त्याच्या गावात थेलीस नावाचा मोठा विद्वान होता, ह्याचा गुरूच म्हणा. थेलीस म्हणायचा की सगळ्याचं मूळ पाणी आणि पृथ्वी पाण्यावर तरंगते. देवाधर्माचं नाव न घेता जगाचं कारण जगातच शोधायचं, हेच तेव्हा केवढं मोठं होतं. पण शिष्याला प्रश्न पडला की मग ते पाणी कशावर? आणि त्यानं ठरवलं की पृथ्वीखाली काहीच नाही. ती मधोमध आहे, सगळ्या बाजूंनी सारख्या अंतरावर, म्हणून पडायचं तरी कुठल्या बाजूला?

"गुरू चिडला असेल," मी म्हटलं.

"माहीत नाही," ईरा म्हणाली. "पण त्यानं गुरूला सोडलं नाही, आणि त्याचं सगळं खरं पण मानलं नाही. सर म्हणतात, सायन्स तिथे सुरू झालं."

मी पाण्याची बाटली उघडली आणि किती वाजले ते बघितलं.

फैलकाला उतरलं की आधी अंगावर येतो तो शुकशुकाट. नव्वद सालच्या इराकच्या आक्रमणात इथली वस्ती उठली ती मोठ्या प्रमाणावर परतलीच नाही. गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंती, दारं नसलेली घरं, वाळूत अर्ध्या रुतलेल्या पायऱ्या. मला अशा ठिकाणी धड उभं राहवत नाही. कुणीतरी घाईनं निघून गेलेलं घर बघितलं की आपला गॅस चालू राहिलाय असं वाटत राहतं.

बेट फिरवायला आम्हाला हनीफभाई भेटले, साठीचे, मूळचे दापोलीकडचे, तीस वर्षं कुवेतमध्ये, सध्या बेटावर पाहुण्यांना पिकअपमधून फिरवतात. मी मराठीत बोलतेय म्हटल्यावर त्यांनी पुढची सीट झाडून दिली आणि आम्ही कुठले, माहेर कुठलं, रत्नागिरीत नेमकं कुठे, सगळं विचारून घेतलं. अवशेषांच्या जागेला कुंपण आहे. आत देवळाचे चौथरे आणि किल्ल्याच्या भिंतींचे बुंधे दिसतात, मला वाटलं होतं त्याहून बुटके. आत काही रोवू देणार नाहीत हे पहारेकऱ्यानं हातानंच सांगितलं. मग कुंपणाबाहेर, मागे ते दगड दिसतील अशा सपाट जागी ईरानं बैठक ठेवली, पाइप उभा केला, ओळंबा लावून चारी बाजूंनी तपासला. अकरा वाजले होते. हनीफभाई पिकअपच्या सावलीत बसले.

मी बाराची वाट बघत होते. ईरा म्हणाली, इथे घड्याळातले बारा हे खरे बारा नसतात, या दिवसांत सूर्य पावणेबाराच्या आधीच सगळ्यात उंच येतो. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, वहीतून कळलं होतं. ती दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी वाळूत काडीनं खूण करत होती. पारा बेचाळीसवर असावा. माझी ओढणी कोरडी ठक्क झाली होती. सावली आखूड होत गेली, आखूड होत गेली, आणि अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटांच्या सुमारास थांबली. पुढच्या खुणेला ती परत वाढायला लागली होती.

साडेसोळा सेंटीमीटर. मी हात टेकवून पाहिला. माझी बरोबर एक वीत.

आता जे केलं ते लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते. मी म्हटलं, पाइप सरळ नाही. बैठकीखाली वाळू खचलीय. मी पाइप धरला आणि सूर्याच्या बाजूला थोडा रेटला. सावली आत ओढली गेली, बोटभर उरली, मग नाहीशी झाली. पाइपच्या बुंध्याशी नुसती लख्ख वाळू. "काढ फोटो," मी म्हटलं. "पटकन. उद्या बोर्ड लावायचाय."

ईरानं फोन खिशात ठेवला. ओळंबा उचलला, पाइपच्या टोकावरून दोरी सोडली. पितळी वजन बुंध्यापासून दूर, वाळूवर झुलत थांबलं. तिनं पट्टीनं अंतर मोजलं.

"सोळा," ती म्हणाली. "आई, तू जेवढी सावली लपवलीस, तेवढीच काठी वाकडी झाली."

तिचा आवाज चढला नव्हता. तिला रडू येत होतं आणि ते ती गिळत होती. मला कळलं की आता मी 'काढ' म्हटलं तर ती काढेल. ती आजवर माझं ऐकत आलीय. उद्या ती त्या फोटोशेजारी उभी राहील, तीन महिन्यांची वही दप्तरात तशीच ठेवून, आणि पुन्हा कधी स्वतःच्या मोजण्यावर विश्वास ठेवणार नाही. माझे हात तरीही पाइपवरच होते. इतका वेळ मी कधीच एका जागी उभी नव्हते.

हनीफभाई उठून आले. त्यांनी आधी वाळूवरच्या खुणा बघितल्या, मग माझ्याकडे.

"ताई, ही सावली जायची नाय," ते म्हणाले. "माझे बाबा गावच्या मशिदीत बांगी होते. घड्याळ बंद पडलं की अंगणात काठी रोवायचे. भर दुपारची जी सावली उरते, तिला 'असली', म्हणजे मूळची, सावली म्हणतात. ती आधी वजा करायची, मग उरलेली सावली काठीएवढी झाली की असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची बांग. गावाला या दिवसांत वजा करायला काय नसायचं. इथं आलो, पहिल्या मे महिन्यात काठी लावली, तर ही एवढी सावली. मला वाटलं, माझीच काठी वाकडी."

"मग?" ईरानं विचारलं.

"मग वर्षभर बघितलं. हिकडं ती कधी जातच नाय, पोरी. जून संपत आला तरी वायच उरतेच."

मी पाइप सोडला. आणि तेव्हा, त्या उन्हात, मला नववीचा भूगोल आठवला. कर्कवृत्ताच्या उत्तरेला सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. साडेतेवीस अंश. हे वाक्य मी पाठ केलं होतं, पेपरात लिहून मार्क मिळवले होते. कुवेत एकोणतीस अंशांच्या वर आहे हेही मला ठाऊक होतं. सोळा वर्षं इथल्या उन्हात चालतेय आणि दोन्ही गोष्टी कधी एकमेकींशेजारी ठेवल्या नाहीत. रत्नागिरीचा तांब्या तेवढा डोक्यात.

"माझं चुकलं," मी ईराला म्हटलं. "काठीचं नाही. तुझ्या वहीचंही नाही. माझं."

तिनं पाइप पुन्हा सरळ केला, ओळंब्यानं तपासला आणि फोटो काढला. मागे ग्रीकांचे बुटके दगड, पुढे वीतभर सावली. फोटोत माझा पायही आलाय. मग ती हनीफभाईंना असली सावलीचं सगळं परत परत विचारत बसली, आणि ते वाळूत बोटानं काढून दाखवत राहिले. आमची दुपारची बोट चुकता चुकता राहिली. मी घाई केली नाही, हे आमच्या घरी कुणाला सांगून खरं वाटलेलं नाही.

परतीच्या बोटीत मी म्हटलं, उतरल्या उतरल्या मिरकाबला जाऊ, बोर्ड नवा छापून घेऊ. ईरा नको म्हणाली. घरी आल्यावर तिनं माझ्या त्या ठळक वाक्यावर एकच रेघ मारली, वाचता येईल अशी, आणि खाली हातानं लिहिलं: हा अंदाज होता. मोजल्यावर साडेसोळा सेंटीमीटर सावली उरली. मग कारण, आणि हनीफभाईंचं नाव घालून असली सावलीचा परिच्छेद. मी म्हटलं, खोडलेलं वाईट दिसतंय. ती म्हणाली, दिसू दे.

रविवारी प्रदर्शनात परीक्षकांनी बोट नेमकं त्या रेघेवर ठेवलं आणि विचारलं की हा अंदाज कुणाचा. मी मागे उभी होते, जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. ईरानं शांतपणे इंग्रजीत सांगितलं की माझ्या आईचा, आणि तो रत्नागिरीपुरता बरोबर आहे. बक्षीस वगैरे मिळालं नाही. पुढच्या स्टॉलवर ज्वालामुखी होता, गर्दी तिकडे होती.

संध्याकाळी घरी चहा झाला. लोक विचारतात, फैलकाला जाण्यासारखं आहे का? आहे. थंडीत जा. पण मला विचाराल तर तिथलं काय राहिलं, तर ते दगड नव्हेत. चहाचे कप उचलायला मी उठत होते तेव्हा ईरानं मला हाताला धरून खाली बसवलं. चेहऱ्यावर खोडी नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आई, तू मला सांगतेस त्यातलं अजून काय काय फक्त रत्नागिरीपुरतं खरं आहे?"

एरवी माझं उत्तर प्रश्न संपायच्या आत तयार असतं. मुलींनी कसं बोलावं, काय शिकावं, कुणाशी मैत्री करावी, किती वाजता घरी यावं, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. मला भीती वाटली, आणि तिच्याबद्दल फार बरंही वाटलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मोजून बघायला लागेल."

ईरानं वहीचं कोरं पान उघडलं आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.