गायकवाडनं पट्टा का सोडला

मिल बंद पडत होत्या त्या वर्षांत हवाई दलाच्या आमच्या छोट्या डिटॅचमेंटचं पोस्टिंग इंदूर विमानतळावर होतं. काम एकच: संशोधनाचं ट्रान्सपोर्ट विमान गडगडाटी ढगात न्यायचं, विजेची मोजमापं घेऊन परतायचं. स्क्वाड्रन लीडर नायर कॅप्टन, मी को-पायलट, रेडिओवर सार्जंट गायकवाड. तो इंदूरचाच. आजोबा महूच्या पलटणीत, वडील मिलमध्ये फिटर. मिलला कुलूप लागल्यापासून घर त्याच्या पगारावर चालायचं.

विमानाच्या पंखांना मागच्या कडेला छोट्या लवचिक दांड्या असतात. त्यांना आम्ही विक म्हणायचो. विमानावर साठलेली वीज त्यांतून हवेत निघून जाते. त्या नसल्या तर ढगात रेडिओवर नुसती खरखर. उड्डाणापूर्वी गायकवाड प्रत्येक विक चिमटीत धरून बघायचा.

त्या दुपारी पंखांवर एकही विक नव्हती. प्रकल्पप्रमुखांनी काढायला लावल्या होत्या. परदेशी पाहुणे येणार होते आणि विकमुळे आकडे बिघडतात, म्हणे.

"सर, बहिरं होऊन ढगात जायचं?" गायकवाड मला म्हणाला. "अपन इंदूरवाले, गप्पा मारल्याशिवाय जमत नाही."

"एकाच सॉर्टीचा, एका उड्डाणाचा प्रश्न आहे," प्रमुख म्हणाले.

नायरांनी लेखी हरकत घेतली. वरून फोन आला. "फ्लाय."

इंदूरजवळच्या सिमरोलच्या वर ढगात शिरलो आणि हेडसेट खरखरू लागला. समोर गारांचा ढग दिसल्यानं खालून रडारवाला "टर्न लेफ्ट, टर्न लेफ्ट" ओरडत होता, हे आम्हाला उतरल्यावर कळलं.

"से अगेन," नायर सांगत राहिले. "से अगेन!"

"सर, मागचा जादा रेडिओ सेट लावून बघतो," गायकवाड म्हणाला.

"जा. क्विक."

त्यानं पट्टा सोडला, उठला. गारा सुरू झाल्या आणि विमान एकदम खाली कोसळलं. तो छतावर आपटला. नायरांनी विमान सावरून उतरवलं. गायकवाड वाटेतच गेला होता.

चौकशीत ठरलं: सार्जंटनं पट्टा बांधलेला नव्हता. नायरांनी आणि मी सांगितलेली विकची आणि हुकमाची गोष्ट अहवालात नाही. त्या सॉर्टीचे आकडे मात्र पाहुण्यांना चहाबरोबर दाखवले गेले.

मी गायकवाडच्या घरी गेलो तेव्हा त्याचे वडील म्हणाले, "साहब, मोहल्ल्यात बोलतात, पोरगा बेफिकीर होता."

मी सगळं सांगितलं.

"मग हे लिहिलंय कुठं?"

"कुठंच नाही."

म्हणून इथं लिहितो. कॅप्टनला ऐकू यावं म्हणून, कॅप्टनच्या हुकमानं गायकवाडनं पट्टा सोडला. बेफिकीर होते ते जमिनीवर होते. त्या दुपारी विक नाहीत हे दिसत असूनही तो पंखाच्या कडेवरून शेवटपर्यंत बोटं फिरवत गेला होता.