पेट्रोल आणि दादांचा मुकटा

पेट्रोल भरताना कॅन जमिनीवर टेकवायचा. एवढी साधी गोष्ट आमच्या घरात कुणाच्या डोक्यात शिरू नये म्हणजे काय! मी जन्मभर रेल्वेच्या तेल डेपोत नोकरी केली. टँकर लागला की आधी साठलेली वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची तार, मगच झाकण. तार विसरणाऱ्याची मी अशी खरडपट्टी काढायचो की तो पुन्हा विसरत नसे.

आणि माझे थोरले बंधू? काशीच्या दुर्गाघाटावरचे नावाजलेले पुरोहित. मे महिन्यात घरी अनुष्ठान बसलं. बत्ती सारखी जायची, म्हणून भाड्याचा जनरेटर चौकात आणला. दादांनी पेट्रोल आणलं ते प्लॅस्टिकच्या कॅनमधून. पंपावर कॅन स्कूटरला टांगलेलाच भरून घेतला, गल्लीतून हातात धरून आणला, खाली कुठे म्हणून टेकवला नाही. का, तर अनुष्ठानाचं सामान ओवळं होईल!

"दादा, त्यात वीज साठते. आधी अर्थ द्यावा लागतो," मी म्हणालो.

"मला अर्थ शिकवतोस? कुठल्या ऋचेचा सांगू, बोल!"

सगळे हसले. मीही हसलो, मूर्खासारखा.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बाहेर लूचा कोरडा, तापलेला वारा वाहत असताना, पाठाच्या मधेच बत्ती गेली. दादा लोकरीच्या आसनावरून तसेच उठले आणि जनरेटरमध्ये पेट्रोल भरायला कॅन घेऊन चौकात आले. अंगावर सोवळ्याचा रेशमी मुकटा, पायांत लाकडी खडावा. अंगातली वीज जमिनीत उतरणार कुठून? जनरेटर गार होता, जवळ निरांजन नव्हतं, उदबत्तीसुद्धा नव्हती. मी तीन पावलांवर उभा होतो.

"दादा, खडावा काढा, आधी चौकातल्या हातपंपाला हात लावा," म्हणालो, तेही पुटपुटत. थोरल्यांवर आवाज चढवायचा नाही ना आमच्यात! त्यांनी एका हाताने कॅन तिरपा केला, दुसरा जनरेटरच्या टाकीच्या पत्र्याकडे नेला. चट् झालं आणि भडका उडाला.

ओलं पोतं टाकून विझवलं. दादांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. नातेवाईक येतात, "भगवान की मर्जी" म्हणत चुकचुकतात. कसली डोंबलाची मर्जी!

आता ती बोटं वळत नाहीत. आचमनाला तळहातावर पळीभर पाणी ठरत नाही. यजमान दुसरे गुरुजी बघू लागलेत. काल मी दादांना वरणभात भरवत होतो. घास गिळून ते म्हणाले, "तुला सगळं माहीत होतं ना रे? मग कॅन हिसकावून का नाही घेतलास?"

मोठे म्हणून मान राखला, हे त्या हाताकडे बघून कुठल्या तोंडानं सांगू?