हुणसूर रस्त्यावरचं पंक्चर

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आप्पांना जाऊन चार वर्षं झाली, तरी नातेवाईक भेटले की म्हणतात, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. मी मान खाली घालतो. त्यांना तो माझा विनय वाटतो.

आप्पा म्हणजे माझे वडील. म्हैसुरात तीस वर्षं त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, आई आधीच गेलेली, आणि उरलो मी — तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं. आंघोळ घालणं, भरवणं, संडासला नेणं. तक्रार नव्हती माझी. निदान मी तसं म्हणायचो.

जुनी मोटरसायकल घ्यायची होती. म्हैसुरातच, विजयनगर भागात एक निवृत्त मास्तर आपली विकत होते. आप्पांना घरी एकटं ठेवणार कसं? रिक्षात बसवून सोबत नेलं. चालवून बघतो म्हटलं, तर मास्तर घुटमळले. चावी घेऊन गेलेला माणूस परत येईलच कशावरून? मी मोबाइल आणि पाकीट आप्पांच्या मांडीवर ठेवलं. हसत म्हणालो, वडीलच ठेवून जातो की तुमच्याकडे. दहा मिनिटांत आलो.

हुणसूर रस्त्यावर येलवाल लागतं, तिथून मागं वळायचं होतं. वळलो नाही. काय सांगू — गाडी छान पळत होती, तोंडावर वारा, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच माझी कुणी वाट बघत — नाही, बघतच होतं. तेच तर. हुणसूर गेलं. पुढं बैलकुप्पे, त्याच्याही पुढं रस्ता आहेच. मास्तर भले दिसतात, आप्पांना उपाशी ठेवणार नाहीत — असा विचार केला मी. अगदी शांतपणे केला. परत जायचंच नाही, असं ठरवलं.

मास्तरांच्या दारात पोचलो तेव्हा अडीच तास झाले होते. आप्पा व्हरांड्यात, दुसऱ्याच कुणाच्या लुंगीत. परक्या घरी सांगायची लाज वाटली, धोतर ओलं झालं. मास्तरांनी स्वतःची लुंगी नेसवली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, पंक्चर झालं होतं. कुणासमोर बोलत होतो मी हे? आप्पांनी एकदा चाकांकडं पाहिलं. काढून बसवलेलं टायर त्यांना ओळखू येणार नाही? दोन्ही चाकांवर धूळ सारखीच होती. मग मास्तरांकडं वळून, जड जिभेनं, कन्नडमध्ये म्हणाले, त्या रस्त्याला खिळे फार, पोरानं ढकलत आणली असणार. आणि मला, जेवणाला नेहमीसारखं कन्नडातलं ऊटच म्हणत —

"ऊट झालं का रे तुझं? सकाळपासून उपाशी आहेस."

गाडी मी घासाघीस न करता घेतली. आप्पा थोडे सावरल्यावर तिच्यावर मागं बसायचे, डावा हात माझ्या कमरेला घट्ट धरून. किती जीव होता त्यांचा माझ्यावर. ती पंक्चरची गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे.

शेवटी परत आलास ना, असं तुम्ही म्हणाल. आलो. पण विकायच्या गाडीच्या टाकीत पेट्रोल बेताचंच ठेवतात, कुणी लांब जाऊ नये म्हणून. हुणसूरच्या पुढं गाडीनं आचके दिले. रिझर्व्हला लावली. खिशात पैसे नाहीत, मोबाइल नाही. बराच वेळ रस्त्याकडेला बसून राहिलो. उरलेल्या पेट्रोलवर फक्त म्हैसूर गाठता येत होतं. म्हणून वळवली.

पंक्चर झालं नव्हतं, हे आप्पांना कळलं होतं. पेट्रोलचं कळलं नाही. मी आपणहून परतलो, असंच धरून ते गेले.