कॉम्प्युटरनं लावलेली जोड

चहा येईपर्यंत सांगून टाकतो. पण एक अट आहे, ऐकताना माझ्या पोटाकडे बघायचं नाही. हे पोट अलीकडचं. त्या वेळी मी असा किडकिडीत होतो की वारा सुटला की आई मला घरात बोलवायची. आणि अशा माणसानं भर जत्रेत, सगळ्या पंचक्रोशीसमोर लंगोट कसून कुस्ती खेळलीय. कुणाच्या हट्टापायी? स्वतःच लिहिलेल्या प्रोग्रामच्या.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, फौजेतनं सुभेदार होऊन आलेले आणि आल्यापासून गावच्या तालमीचे वस्ताद. जत्रेच्या मैदानात जोडी लावायचं काम त्यांच्याकडे. बाहेरगावचे पैलवान मैदानाला फेरी मारायचे, अण्णा कुणाचा दंड चाचपायचे, कुणाची मान बघायचे, आणि दोघांचे हात धरून वर करायचे. झाली जोड. मग माघार नाही. पण दर वर्षी कुणीतरी कुजबुजायचंच, वस्तादांनी आपल्या तालमीच्या पोराला हलका गडी दिला म्हणून. अण्णा ते लय मनाला लावून घ्यायचे. दोन-दोन दिवस धड जेवायचे नाहीत.

मी तेव्हा सांगलीत कॉम्प्युटर शिकून माधवनगरला एका गिरणीच्या ऑफिसात लागलेलो. नव्वदीची शेवटची वर्षं ती. अण्णांना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यांना पोरगा पैलवान हवा होता, मिळाला टायपिंग करणारा. म्हटलं, आता यांना दाखवूच.

"अण्णा, औंदा जोड्या कॉम्प्युटर लावेल. नाव, गाव, वजन घालायचं. जवळच्या वजनाचे दोघं आपोआप शेजारी येतील. बोलायला कुणाला जागाच नाही."

"आन् मान कोण बघणार?"

"आवं अण्णा, त्याला मान लागत नाही, आकडा लागतो."

अण्णांना पटलं नाही, पण जत्रा कमिटीला पटलं. मी तेवढ्यावर थांबलो का? नाही. कमिटीकडून एक नियम करून घेतला: कॉम्प्युटरनं लावलेली जोड कुणीही, कसल्याही कारणानं फिरवायची नाही. ठराव मांडला कुणी? मीच.

आता जरा तांत्रिक सांगतो, घाबरू नका. माझे प्रोग्राम दोन. पहिला वजनाप्रमाणे नावं लावायचा आणि चाचणीसाठी घातलेली नावं काढून टाकायचा. दुसरा शेजारशेजारच्या दोन-दोन नावांची जोड लावत यादी छापायचा. आणि दोन्ही एकामागून एक चालवायला एक चिमुकली बॅच फाईल. एक बटण दाबायचं आणि हात झटकून उभं राहायचं. त्या फाईलचा मला असा गर्व होता की गिरणीतल्या शिपायालासुद्धा दोनदा चालवून दाखवली होती.

गिरणीतलं मशीन जुनं, डॉसवर चालणारं. तिथं पहिल्या प्रोग्रामचं काम संपल्याशिवाय दुसरा जागचा हलायचा नाही. जत्रेसाठी मात्र मी ऐटीत विंडोजचं नवं मशीन मागून आणलं आणि प्रोग्रामही विंडोजचे केले. तिथली रीतच वेगळी. बॅच फाईल पहिल्याला 'चल, लाग कामाला' एवढं सांगते आणि मागं वळूनही न बघता दुसऱ्याला उठवते. थांब म्हणून निराळं सांगावं लागतं. हे मला माहीत होतं का? अजिबात नाही. घरी चार नावांवर करून बघितलं, तेव्हा पहिल्याचं काम इतक्या झटक्यात व्हायचं की दुसऱ्याची घाई लक्षातच आली नाही.

मैदानाला लागून शाळा आहे, तिच्या व्हरांड्यात मशीन मांडलं. सकाळी सगळं नीट चालतंय का बघायला म्हणून मी सवयीनं पहिलं नाव स्वतःचंच घातलं, वजनासकट, पुढं चाचणीची खूण करून. मग पैलवान यायला लागले. पहिला आला जतकडचा मल्लाप्पा. मेंढरं राखणारा गडी, दारातनं आत आला तर व्हरांड्यात अंधार झाला. मागनं शिरवळचे आले, वाईचे आले, दुपारपर्यंत नावांचा ढीग झाला.

अण्णा माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. मी बटण दाबलं. पडद्यावर काम चालू असल्याचं वाळूचं घड्याळ आलं, आणि लगेच प्रिंटर करकरायला लागला.

"झालं बी?" अण्णांनी विचारलं.

"यंत्र आहे अण्णा. दंड चाचपत बसत नाही."

"पर ते घड्याळ अजून हाय की."

"असू द्या. ते काही मनावर घ्यायचं नसतं."

कागद फाडला आणि न वाचता, मान ताठ करून, मैदानात सदामामांच्या हातात दिला. सदामामा म्हणजे माझे सख्खे मामा, जत्रेचा माईक त्यांच्याकडे. त्यांनी खाकरून सुरुवात केली.

"पहिली जोड. जतचे पैलवान मल्लाप्पा, विरुद्ध..." आणि मामा थांबले. माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. "विरुद्ध आपल्या वस्तादांचे चिरंजीव, पैलवान दत्ता."

हलगीवाल्यांना काय, नाव ऐकलं की वाजवायचं. वाजवायला लागले. मल्लाप्पानं माती कपाळाला लावली आणि मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"मामा, चुकलंय ते," मी म्हणालो. "माझं नाव निघायला पाहिजे होतं." माईक चालू होता. सगळ्या मैदानानं ऐकलं.

"वस्तादाचं पोरगं हाय म्हणून निघणार व्हय?" गर्दीतनं आवाज आला. दुसरा म्हणाला, "मशीन बी घरचंच की रं."

झालं. जे बोलणं कायमचं बंद करायला मी हा सगळा खटाटोप केला, तेच आता उघड्यावर आलं. मी बाजूला झालो असतो तर अण्णांच्या इतक्या वर्षांच्या इमानावर पाणी पडलं असतं. मी अण्णांकडे बघितलं.

"नियम कुणाचा?" अण्णांनी विचारलं.

"माझा."

"मग चल."

तालमीतनं लंगोट आला. अण्णांनी स्वतःच्या हातानं मला बांधला, दोनदा आवळून बघितला, दंडाला माती चोळली. रागावले असतील असं वाटलं होतं. तर नाही, चेहरा असा खुललेला की हे काम हाताला यावं म्हणून माणूस किती वर्षं थांबला असेल कुणास ठाऊक. मला भरून आलं, आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम.

सलामी झाली. मल्लाप्पा माझ्या कानाशी वाकला. "मालक, अंग ढिलं सोडा. हळू ठेवतो."

आणि खरंच हळू ठेवलं. मेंढरू कातरायला निजवावं तसं अलगद उचलून मला पाठीवर टेकवलं, वर अंगावरची माती झटकून दिली. हलगीला ठेका धरायलाही सवड मिळाली नाही.

पण ऐका. अण्णा मैदानात आले, डोक्याचा फेटा काढला आणि माझ्या डोक्याला बांधला. हरलेल्या गड्याच्या. आणि माईक न घेता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पळाला न्हाई." तेवढंच. माझी छाती अशी फुगली की कुस्ती बघितली नसती तर मीच मैदान मारलंय असं कुणालाही वाटलं असतं. तसाच व्हरांड्यात गेलो, तर वाळूचं घड्याळ गेलेलं, नावं वजनाप्रमाणे लागलेली, माझं नाव निघालेलं. म्हणजे मघाशी दुसऱ्यानं पहिल्याची वाट न बघता, नावं घातली त्याच क्रमानं यादी छापून टाकली होती. बाकीच्या जोड्या अजून पुकारल्या नव्हत्या, म्हणून पुन्हा यादी छापली आणि बाकीच्या कुस्त्या बिनतक्रार झाल्या.

पुढं सांगलीला जाऊन पुस्तकं चाळली, जाणत्यांना विचारलं, आणि बॅच फाईलला थांबायला शिकवलं. पहिला प्रोग्राम पुरा होऊन बंद झाल्याशिवाय दुसऱ्यानं डोळा उघडायचा नाही. आपल्या भागात हे त्या वेळी किती जणांना येत होतं, विचारा कुणालाही.

पुढच्या जत्रेला यादी अशी निघाली की बघत राहावं. जोडीला जोड, कुठं खोट म्हणून नाही. कमिटीनं पाठ थोपटली. मी कागद घेऊन थेट अण्णांकडे गेलो आणि शाबासकीसाठी उभा राहिलो. त्यांनी चष्मा लावला, यादी वरनं खाली वाचली, मग खालनं वर वाचली, आणि उदास होऊन कागद माझ्या हातात परत दिला.

"बिघडलं की रं तुझं यंत्र," अण्णा म्हणाले. "तुझं नावच न्हाई ह्यात."