वन्संची खोली

वन्संनी मला फसवलं, हे मी गेले सहा महिने ज्याला त्याला सांगत सुटले आहे. दूधवाल्याला सांगितलं, मंडळातल्या बायकांना सांगितलं, बंगळूरला मुलाला फोनवर तीनदा सांगितलं. तो म्हणतो, जाऊ दे ना आई. जाऊ कसं देऊ? मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, त्यात सदतीस वर्षं पोरांना गणित शिकवून स्वभाव आणखीच बिघडला आहे. तेव्हा आता सगळं लिहूनच काढते.

वन्सं म्हणजे माझी नणंद, यजमानांची धाकटी बहीण. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. पण आमच्या घरात नणंद लहान असली तरी तिला वन्संच म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं, ही जुनी रीत. पुण्याचे पाहुणे याला हसतात, हसू देत. वन्संनी लग्न केलं नाही. सरकारी शाळेत शिक्षिका होत्या, पहिली नेमणूक डही नावाच्या गावी, मग बदल्या होत होत धारला स्थिरावल्या. आम्ही देवासला. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा वन्सं दर शनिवारी दोन बसा बदलून यायच्या आणि सोमवारी पहाटे परत जायच्या. मग सासऱ्यांचं तसंच झालं. शेवटी माझे यजमान आजारी पडले, तेव्हा तर आठ महिने बिनपगारी रजा काढून त्या इथे राहिल्या. मी शाळेत जायचे आणि त्या घरी त्यांचं सगळं करायच्या.

यजमानांचं वर्षश्राद्ध झालं त्या दुपारी गुरुजी जेवून गेले, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात उरलेले वडे डब्यात भरत होतो. तेव्हा मी म्हटलं, वन्सं, मी पुढच्या वर्षी निवृत्त होते, तुम्ही चार वर्षांनी. मग तुम्ही इथेच या. मुलाच्या दारात जाऊन पडायचं नाही आणि एकटीनं भिंतींकडे बघतही बसायचं नाही, दोघी एकमेकींना सांभाळू. त्या "बरं वहिनी" म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं. मी हरखून गेले. वर्षभरात पहिल्यांदाच मला त्या दिवशी गाढ झोप लागली.

आमच्या वयाच्या बायकांचं सगळं बदललंय हल्ली. आमच्या आया मुलगा नेईल तिथे बोचकं उचलून जायच्या. आमची मुलं आहेत पुण्याला, बंगळूरला, नाहीतर पार तिकडे अमेरिकेत. जवळ म्हणावं तर एखादीचा मुलगा पीथमपूरच्या कारखान्यात आहे, तोही शिफ्टच्या बसनं जातो-येतो आणि झोपायला इंदूरला. मंडळातल्या एकीनं वरचा मजला नर्सिंगच्या मुलींना दिलाय, घरात पावलं वाजावीत म्हणून. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला असले विषय निघाले की मी मान ताठ करून माझा बेत सांगायचे. बायका म्हणायच्या, तुमचं बाई बरं आहे. मला फार गोड वाटायचं ते, खोटं कशाला बोलू?

मुलानं मोठा फ्लॅट घेतला. त्यात एक खोली माझी म्हणून ठेवली होती, मला नेऊन दाखवलीसुद्धा. मी म्हटलं, मला नको बाबा, माझी सोय झालेली आहे. गेल्या वर्षी त्या खोलीत त्याच्या सासूबाई राहायला आल्या. मला जराही वाईट वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं झालं.

आणि मग मी इथे वन्संची खोली करायला घेतली. खालची मागची खोली. तिच्यात यजमानांच्या फायली, बिघडलेला कूलर, शिलाई मशीन असा पसारा होता, तो सगळा काढला. न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेतले, बसायचा संडास केला, उंबरठा फोडून सपाट केला. खिडकीतून टेकडी दिसते, तिथे त्यांची खुर्ची. भिंतींना रंग कोणता देऊ म्हणून फोनवर विचारलं, तर म्हणाल्या, तुम्हाला आवडेल तो द्या वहिनी. मी फिका पिस्ता दिला. पडद्याचं कापड निवडायला तर त्यांना इंदूरला बोलावून घेतलं. आल्या, दोन तास दुकानात बसल्या, आणि हेच छान आहे म्हणाल्या.

त्यांच्या निरोपसमारंभाला मी धारला गेले. पहिल्या रांगेत बसले. शाल, श्रीफळ, भाषणं झाली, आणि प्राचार्यांनी मला विचारलं, अब दीदी कहाँ रहेंगी? मी मोठ्यानं सांगितलं, मेरे पास, देवास में. वन्सं गळ्यातल्या हारातली सुटलेली फुलं वेचत होत्या. त्यानंतर दोन महिने पेन्शनचे कागद, गॅसचं कनेक्शन, सामानाची बांधाबांध असं काही ना काही निघत राहिलं. मी म्हटलं, होऊ दे सावकाश.

मग जेठ महिन्यातल्या एका सकाळी त्या आल्या. हातात सामान नव्हतं, एक फाइल तेवढी होती. मी पोहे केले, वरून शेव आणि जीरावण मसाला घातला, त्यांना आवडतं तसं. त्यांनी बशी रिकामी केली, हात धुतले आणि फाइलमधून एक फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. पुण्याजवळ ज्येष्ठांसाठी एक वसाहत झाली आहे, तिचा तो फॉर्म. एकेकट्यानं राहायच्या खोल्या, जेवण तिथेच, डॉक्टर तिथेच. तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं, त्या नातेवाइकाची सही हवी होती.

मला वाटलं, शाळेतल्या कोणा मैत्रिणीचा असेल. चष्मा लावला. नाव वन्संचं. माझी नजर आयुष्यभर आकड्यांवरच आधी जाते, तशी ती खोली नोंदवल्याच्या तारखेवर गेली. चार वर्षांपूर्वीची. मी बोटांवर मोजलं, परत मोजलं. वर्षश्राद्धानंतरचा अकरावा दिवस.

तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. मी म्हटलं, म्हणजे तो रंग, ते पडदे, तो निरोपसमारंभ, या सगळ्या वेळी तुला माहीत होतं. हो, मी तिला एकेरीत बोलले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तोंडाला येईल ते बोलले मी त्या दिवशी. सख्ख्या बहिणीसारखं धरलं, मुलाचं घर सोडलं, चारचौघांत तोंडावर पाडलंस, आणि आता वर सही मागतेस? रडलेसुद्धा. वन्संनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटत होतं त्या माफी मागतील, निदान रडतील तरी.

त्या म्हणाल्या, "वहिनी, आईचं केलं, नानांचं केलं, दादाचं केलं. आता तुमचे गुडघे गेलेत."

मी म्हटलं, मी तुझ्याकडून सेवा करून घ्यायला बोलावत होते काय? एकमेकींना सांभाळायचं ठरलं होतं. तर त्यांनी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"मग घंटी फक्त माझ्या खोलीत का लावलीत?"

ती घंटी अशी. सगळी दुरुस्ती चालली होती तेव्हा मी इलेक्ट्रिशियनकडून माझ्या पलंगाशी एक बटण बसवून घेतलं. दाबलं की वन्संच्या खोलीत घंटी वाजते. रात्री-अपरात्री काही झालं तर असावं. त्यानं मला विचारलं होतं, "माताजी, उधर भी बटन लगा दूँ? दोनों तरफ हो जाएगा." मी म्हटलं होतं, नहीं भिया, उसकी जरूरत नहीं. शपथेवर सांगते, त्या क्षणी माझ्या मनात काही वाईट नव्हतं. वन्सं कधी आजारी पडल्याच नव्हत्या. त्या पडतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पण तरी मी म्हणते, तोंड होतं ना त्यांना? वडे भरताना एकदा नाही म्हणाल्या असत्या तर मी चिडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि मग माझं मी काही बघितलं असतं. गेल्या वर्षापर्यंत माझी मुलाकडची खोली रिकामी होती. चार वर्षं त्यांनी माझ्या प्रत्येक बोलण्याला मान डोलावली, आणि मी बसले दांडे नि उंबरठे करत. माझी चूक मी मानते. फसवणूक मात्र त्यांचीच, ती मी माझ्या अंगावर घेणार नाही.

सही केली. न करून काय करते, त्यांना तरी दुसरं कोण आहे? नात्याच्या रकान्यात भावजय लिहिलं. मग उगाच चहा टाकला. त्या चहा पिईपर्यंत आम्ही दोघी यजमानांच्या फोटोला घालायच्या नव्या हाराबद्दल बोललो, अगदी काही झालंच नाही असं.

त्या निघाल्या. इंदूरची बस गाठायची होती. दारापर्यंत पोचवायला गेले आणि मला राहवलं नाही. राग ओसरून आत दुसरंच काही दुखायला लागलं होतं. मी म्हटलं, "वन्सं, तिथे माझ्यासाठीही एक खोली बघता आली असती. तुमच्या शेजारी नको, दुसऱ्या टोकाला. मला एकदा विचारायचं तरी."

त्या वाकून चपलेचा पट्टा लावत होत्या. पट्टा लागला तरी त्या तशाच वाकून राहिल्या.

"त्यांनी विचारलं होतं, वहिनी," त्या म्हणाल्या. "तेव्हाच. घरचं अजून कोणी बरोबर येणार आहे का, दोन खोल्या शेजारी देऊ म्हणून. मी सांगितलं, मला कोणी नाही."