चिनिणीच्या हातचं

मालुबाईला अख्खं गाव चिनीण म्हणायचं. चीन तिनं जन्मात पाहिला नव्हता. तिचा नवरा भावकू "चिनीदादेतनं आलोय" एवढं बोलला आणि खानापूरच्या अलीकडच्या त्या गावाला तेवढं पुरलं. खरं तर ते ट्रिनिदाद नावाचं बेट. तरुणपणी भावकू मद्रासेहून जहाजात बसला, तिथल्या उसाच्या मळ्यात राबला, तिथंच जन्मलेल्या मालूशी लग्न केलं आणि पहिलं महायुद्ध संपल्यावर तिला नि तान्ह्या शालूला घेऊन परत आला. समुद्र ओलांडलेला गडी आणि जातीचा पत्ता नसलेली बायको! गावाच्या हाती आयतंच कोलीत मिळालं.

पंचांनी ठरवलं, होळीला सुनेनं एकटीनं रांधावं. तिच्या हातचं आम्ही जेवलो की घर जातीत आलं. सासू अक्काताई भली बाई, पण चुलीला हात लावायची तिलाही बंदी. तिनं दारातूनच सांगितलं, "डाळ भरून पोळ्या लाट. दुसरं काय न्हाय."

मालूचा जीव भांड्यात पडला. डाळ भरलेली पोळी तर तिच्या आईच्या हातची! बेटावर तिला डाळपुरी म्हणत. तिनं डाळ शिजवून कोरडी वाटली, त्यात भाजलेलं जिरं, लसूण, मिरची, मीठ घातलं आणि मलमलीसारख्या पातळ पोळ्या लाटल्या. पंचांत वडीलधारे मारुतीराव. त्यांनी रीतीप्रमाणे पोळीवर दूध ओतलं, वर तूप सोडलं आणि मोठा घास घेतला.

"होळीच्या पोळीत लसूण?" मारुतीराव पानावरून उठले, त्यांच्यामागं सगळी पंगत उठली. सणाची पोळी गोड असते हे मालूला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि हेही सांगावं लागतं हे अक्काताईला सुचलं नव्हतं. दोष द्यायचा तर कुणाला? घर वाळीत पडलं आणि भावकूनं शेताच्या कडेला खोप बांधली.

आता गंमत ऐका. त्या बेटावर शिमग्याच्याच सुमारास कार्निवल नावाचा सण असे. बायाबापड्या पिसांचे, चमकीचे पोशाख घालून भररस्त्यात नाचत. ते पोशाख शिवण्यातच मालूचं बालपण गेलेलं. एकदा तिनं शालूला कोंबड्याच्या पिसांचा मुकुट आणि तारेचे पंख करून दिले. गावानं ते पाहिलं, आणि पुढच्या शिमग्यापासून सोंगं काढणारे तिच्या दारी येऊ लागले. तिनं केलेला मुकुट डोक्यावर चालायचा, तिच्या हातचं पाणी चालायचं नाही. असल्या सोवळ्याला काय म्हणावं! ढोल वाजू लागले की मालूचे पाय आपोआप हलायचे. मग ती कुंपणाआड उभी राहून आपली सोंगं नाचताना बघायची.

शालू लग्नाला आली तशी मालूची झोप उडाली. वाळीत पडलेल्या घराशी सोयरीक कोण करणार? त्या शिमग्याला मारुतीराव नातवाचा मुकुट न्यायला आले. मालूनं पदर पसरला.

"आबा, एकडाव माझ्या पानावर बसा. आता चुकायची न्हाय मी. माझ्या शालूला पदरात घ्या."

मारुतीराव मुकुट फिरवून बघत म्हणाले, "पोरगी आमच्या भावकूचं रगात. तिला घेतली जातीत. चुलत्याच्या दारात मांडव घालू."

"आणि मी?"

"तू मांडवात यायचं न्हाय." मग मुकुट तिच्याकडं देऊन म्हणाले, "ह्या बाजूला आणि थोडी चमकी लाव."

मालूनं लावली. न लावून सांगते कुणाला? राग आला, तो गिळला. सांबरा गावचं स्थळ जमलं. लेकीची चोळी तिनंच शिवली आणि दुसऱ्याच्या हाती पाठवली. अक्षतांच्या वेळी ती कुंपणाआड उभी होती.

संक्रांत झाल्यावर शालू पहिल्यांदा माहेरी आली, म्हणजे चुलत्याकडं. दुपारी ती आईकडं येणार हे कळल्यावर मालूनं तिच्या आवडीचा भात चढवला. तेलात साखर काळपट होईतो जाळली, त्यात कोंबडी परतली, तुरीचे ओले दाणे घातले, नारळाचं दूध ओतलं. लहानपणी शालू ह्या भाताची खरवडसुद्धा सोडत नसे.

शालू उंबऱ्याबाहेरच बसली. मालूनं वाढलेलं ताट पुढं ठेवलं.

"जेवून आलोय, आई."

"एक घास खा गं."

शालूला रडू फुटलं. "सासूबाईनं आण घातलीया. तुझ्या हातचं खाल्लं तर घरात घ्यायच्या न्हाईत."

भाताची वाफ निघत होती. शालूनं नाक पुसलं, रस्त्याकडं पाहिलं. कुणी नव्हतं. तिनं हळूच ताटाकडं हात नेला.

मालूनं ताट झटकन मागं ओढलं.

"नगं, बाळा," ती म्हणाली. "माझ्या हातचं न्हाय खायाचं."