माहेरच्या वेलातला सोंड्या

दसरा झाला आणि मी ठरवलं, मंगळवेढ्याला लेकीकडे जायचंच. गेल्या वर्षी गिरिजाने विहिरीकडेच्या तुकड्यात हौसेने रताळी लावली होती. वेल मीच पाठवले होते, सोलापूरच्या आमच्या परसातले. आणि ऐन शिवरात्रीला रताळी निघाली कडू, आतून पोखरलेली! यंदाही तसंच झालं तर तिथे ज्वारी पेरायची, असं जावयांनी सांगून टाकलं होतं. पोर रडकुंडीला आली होती.

मग काय, परसातले वेल पुन्हा कापले, ओल्या पोत्यात गुंडाळले, नवी पेठेतून नातवाला टोपडं घेतलं आणि सकाळची मोटार धरली. तुम्ही जाणार असाल तर ड्रायव्हरशेजारी बसा. दोन आणे जास्त मागतो मेला, पण मागे धुळीने माणसाचं भूत होतं. बेगमपूरला नावेतून भीमा ओलांडायची, पलीकडे दुसरी मोटार. दशम्या आणि शेंगाचटणी जवळ ठेवा. पोतं मी नावेतसुद्धा मांडीवरून खाली ठेवलं नाही.

विहीणबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं. मग पोतं सोडून वेलाचं एक जून बुडखं विळ्याने उभं चिरलं. आत पांढरी अळी! शेजारी मुंगीएवढा निळा-काळा किडा, तांबड्या गळ्याचा, पुढे सोंड.

"सोंड्या," त्या म्हणाल्या.

अगं बाई! म्हणजे गेल्या वर्षी माया म्हणून मी कीडच पाठवली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"ताई, डोळं पुसा. शिवरातीचं कडू रताळं मी भावाला दावलं हुतं. आगबोटीवर व्हता त्यो. तिकडं बेटांवर बी ह्योच सोंड्या हाय म्हनं. जून बुडक्यात अंडी घालतो. तितं लोक कवळं शेंडंच लावत्यात. आपुन बी लावू की!"

वेलांचे कोवळे शेंडे तेवढे लावायला कापून घेतले, बुडखी चुलीत गेली. विहिरीवरच्या जांभळ्या फुलांच्या गारवेलीवरही सोंड्या जगतो, म्हणून तीही गिरिजाने उपटली. जावई काही बोलायच्या आत विहीणबाई म्हणाल्या, "हितं रताळीच लागनार. माज्या सुनंची." टोमणा मारायला किती आयती संधी होती त्यांना! मला फार भरून आलं.

घरी येऊन परसातला वेल मुळासकट उपटला. शिवरात्रीला मोटारवाल्याबरोबर मंगळवेढ्याहून टोपली आली: लाल रताळी, वर ओल्या फडक्यात कोवळे शेंडे. एक रताळं उकडून चाखलं. गोड, नुसतं गोड!

आमच्यात लेकीच्या घरचं घेत नाहीत. मी पदर पसरून घेतलं.